लिंबाएवढी अंडी

तुम्हाला खोटं वाटेल, पण माझे डोळे बांधा, तळहातावर अंडं ठेवा, मी त्याचं वजन सांगतो! पन्नास ग्रॅम, पंचावन्न, साठ. चूक झालीच तर एखाद्या ग्रॅमची, आणि तेव्हासुद्धा मी म्हणतो, काटा चुकला! चाळीस वर्षं दुसऱ्याच्या पोल्ट्रीत अंडी उचलली आहेत. त्यांची मोजदाद देवाने ठेवली असेल तर त्यालाही एव्हाना चष्मा लागला असेल.

अशा माणसाच्या घरात सून म्हणाली, "मी कोंबड्या पाळते." मग छाती कुणाची फुगणार? कोंबड्यांची नाही, माझी!

सून शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. सहा वर्षं एकाच प्रकारच्या शर्टाच्या डाव्या बाहीला एकच शिवण मारत होती. एकदा जेवताना म्हणाली, "मामा, पूर्ण शर्ट कसा दिसतो तेच मी विसरले." (ती मला मामा म्हणते.) मुलगा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. तेव्हा तिनेच हिंमत धरली. आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, घरामागे पाण्याच्या टाकीपलीकडे शेड उभी केली आणि चारशे तलंगा आणल्या. तलंगा म्हणजे तरण्या कोंबड्या, अजून अंड्यावर न आलेल्या. बारा आठवड्यांच्या होत्या.

चौकातल्या बेकरीवाल्याशी तिने आधीच बोलून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बाई, मला रोज भरपूर अंडी लागतात. तुमच्या कोंबड्या चोवीस आठवड्यांच्या झाल्या की मी स्वतः येऊन अंडं बघेन. पटलं तर सगळी माझी."

"आणि नाही पटलं तर?"

"तर मी माझ्या जुन्या माणसाकडे, आणि तुम्ही तुमच्या जुन्या बाहीकडे!"

कारखान्याच्या बाईंनी तिची जागा तेवढे महिने राखून ठेवली होती. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं होतं. शेड की बाही!

सुनेने शेडच्या दारावर एक तक्ता लावला. कितव्या आठवड्यात कोंबड्यांना किती तास उजेड द्यायचा, याचा. अठरा आठवडे पूर्ण होईपर्यंत दिवा लावायचा नाही, संध्याकाळी पडदे सोडायचे. पुढे दर आठवड्याला अर्धा अर्धा तास वाढवायचा. हे काम तिने माझ्यावर सोपवलं.

"मामा, एवढं एकच सांभाळा. बाकी सगळं मी बघते."

मला जरा लागलं. चाळीस वर्षांच्या माणसाला पडदा सोडायचं काम! हे म्हणजे बल्लवाला पानं पुसायला बसवण्यासारखं झालं. पण तक्ता मी वाचला. अक्षरओळख मला साठीत झाली, त्यामुळे "वाचताच आलं नाही" ही सोन्यासारखी सबबसुद्धा माझ्या हाती राहिली नाही. वाचला, समजला, आणि मनात म्हटलं, ही पुस्तकी अक्कल!

आता व्याही. सुनेचे वडील. त्यांचं कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान आहे आणि ओठावर झाडूएवढी मिशी होती. होती, म्हणतोय. आमच्या कोंबड्यांना खाद्य त्यांच्याकडूनच यायचं. एकदा पोतं उतरवून चहाला बसले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, विसाव्या आठवड्याआधी अंड्याचं नाव काढू नका."

"तुमच्याकडे विसाव्यात! माझ्या हाताखाली अठरावा लागायच्या आत अंडं पडेल."

"पडलं तर ही मिशी उतरवेन!"

"मग धार लावून ठेवा वस्तऱ्याला!"

सून आतून ओरडली, "काही पैजा-बिजा लावू नका हं! कोंबड्यांना लागेल तेवढा वेळ लागू दे."

आम्ही दोघं म्हातारे कसले ऐकतोय!

माझं ज्ञान असं होतं. जुन्या पोल्ट्रीत दिवे जास्त वेळ जळले की कोंबड्या जास्त अंडी घालायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उजेड वाढला की कोंबडीला वाटतं दिवस मोठे झाले, चला कामाला लागा. पण तिथे माझ्यासमोर यायच्या त्या घालत्या कोंबड्या. त्याआधी त्यांना किती उजेड देत, का देत नसत, ते साहेबांच्या खोलीत ठरायचं आणि साहेबांच्या खोलीत मी फक्त चहा नेला होता. थोडक्यात, माझी विद्या अंडं पडल्यानंतरची! आणि निघालो होतो अंडं पडण्याआधीचा उद्योग करायला.

तेराव्या आठवड्यापासून मी पहाटे चारला उठून शेडमध्ये दिवा लावायला लागलो. दिवेलागणीलाही पडदे सोडून आत दोन तास उजेड. पडदे जाड ताडपत्रीचे, बाहेर किरण दिसेल तर शपथ. तक्ता अजून पहिल्या ओळीवर होता, मी शेवटच्या ओळीवर जाऊन बसलो होतो.

घरात मात्र बायकोने माझं पहाटेचं उठणं हेरलं. तिने काढायचा तो अर्थ काढला आणि सुनेला कुजबुजत सांगितलं, कुजबुजत म्हणजे तीन घरं ऐकतील एवढ्या आवाजात, "अगं, यांना आता पहाटे दम निघत नाही. संध्याकाळनंतर पाणी देऊ नकोस यांना!"

झालं! महिनाभर मी रात्रीचं जेवण अर्ध्या भांडं पाण्यावर गिळलं. खरं सांगायची सोय नव्हती.

आणि सतराव्या आठवड्यात पडलं! पहिलं अंडं! गोटीपेक्षा मोठं, लिंबापेक्षा लहान. मी ते तळहातावर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वजन सांगता आलं नाही. हातात काही आहे असंच वाटेना!

तरी घरभर मिरवलं. बायकोने कौतुकाने तव्यावर फोडलं. आत बलकच नाही! नुसतं बोटभर पांढरं.

"अहो," ती म्हणाली, "हे अंडं आहे की अंड्याची अफवा?"

"पहिलं लहानच असतं, आत्या," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "मामा, तुमचा हातगुण हो! तक्त्यातसुद्धा एवढ्या लवकर लिहिलेलं नाही."

हातगुण! त्या क्षणी बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हातगुण म्हटल्यावर तोंड उघडवतं का कुणाला? मी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले ते मिशी उतरवून. शब्दाचा पक्का माणूस! वरचा ओठ कोरा, गोरा, सोललेल्या अंड्यासारखा. गेली तीस वर्षं त्या ओठाला ऊन लागलेलं नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसलो. तो हसण्याचा शेवटचा दिवस.

कारण अंडी पडत राहिली, पण वाढेनात. अठरावा गेला, एकोणिसावा गेला, विसावा, एकविसावा गेला. तीसचा ट्रे भरला की त्यात अंडी खड्ड्यांत अशी बुडायची, जणू म्हाताऱ्याच्या खोबणीत डोळे. काही खालच्या भोकातून घरंगळून पडायची. सून रोज एकेक अंडं काट्यावर ठेवायची. तीस ग्रॅम. बत्तीस. एकोणतीस. रोज लिहून ठेवायची आणि रोज विचारायची, "मामा, तुमच्या चाळीस वर्षांत असं कधी झालं होतं?"

"होतं कधी कधी," मी म्हणायचो. "वाढतील."

बाविसाव्या आठवड्यात तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, एक कोंबडी पर्ससारखी काखेत मारली, पिसं उचकटली, हाडं चाचपली आणि म्हणाल्या, "अंगाने हलकी आहे. अंग भरायच्या आधीच अंड्यावर आली. असं बहुतेक वेळा उजेड लवकर दिल्याने होतं. एकदा असं सुरू झालं की अंडं कायमचं बारीक राहतं. दिवा कधीपासून लावता?"

मी खाली वाकून चपलेतलं पीस काढायला लागलो.

सून ताठ मानेने म्हणाली, "दिव्याचं काही नाही, बाई. ते आमच्या मामांच्या ताब्यात आहे. त्यांनी चाळीस वर्षं पोल्ट्रीत काढली आहेत. तक्त्याच्या बाहेर ते एक मिनिट जायचे नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या नळीकडे पाहिलं.

"मग खाद्यात काहीतरी कमी असेल," त्या म्हणाल्या. "खाद्य कसं आहे, आजोबा?"

आता नीट ऐका, कारण या सगळ्या प्रकरणात मी दिवा लावला त्याचं मला एवढं वाईट वाटत नाही, जेवढं पुढच्या वाक्याचं वाटतं. मी म्हणालो, "खाद्यात हल्ली दम दिसत नाही."

पाच शब्द! चोरालासुद्धा घर फोडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

संध्याकाळी सुनेने बापाला बोलावून घेतलं. बिचारी शब्द जुळवत होती. "बाबा, रागावू नका... पण मका जुना तर नाही ना लागला?"

"जुना? माझ्या दुकानात?"

"मामापण म्हणतात, दम नाही म्हणून."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर खाद्य काढलं आणि सरळ तोंडात टाकलं!

"हे... घ्या!" ते चावत म्हणाले. "मका! सोयाबीन! ताजं!" त्यात शिंपल्यांचा चुराही असतो. कराकरा आवाज यायला लागला. दोन घास कसेबसे उतरले, तिसऱ्याला ठसका लागला आणि भुसा उडाला तो थेट माझ्या सदऱ्यावर.

बायको पाणी घेऊन धावली. "अहो व्याहीबुवा, जपून! उद्या तुम्हीच अंडं घालाल, आणि तेही बारीक निघेल!"

कुणीच हसलं नाही. व्याही पाणी प्याले, त्यांनी त्या कोऱ्या ओठावरून हात फिरवला आणि निघून गेले. जाताना मुलीला "येतो" म्हणाले नाहीत.

त्या रात्री मी ठरवलं की चूक सुधारायची. कशी? तर दिवा बंद! दुसऱ्या पहाटे उठलोच नाही. चोवीस तासांत पापातून मुक्त! पण कोंबडीच्या लेखी, एका दिवसात दिवस एवढा आखूड झाला म्हणजे अंड्यांचा हंगाम संपला. दहा दिवसांत त्या पिसं टाकायला लागल्या! शेडमध्ये उशी फाटल्यासारखी पिसंच पिसं. अर्ध्या कोंबड्यांच्या माना उघड्या, शेपट्या गायब, आणि अंडी होती त्याच्या निम्मी. आगीतून निघून फुफाट्यात पडावं आणि फुफाटाही आपणच पसरलेला असावा, तसं झालं.

सून पिसं झाडत होती आणि मला म्हणाली, "मामा, माझंच काहीतरी चुकलं असेल. आठ दिवसांच्या शिक्षणावर एवढी उडी मारायला नको होती मी."

मी तिच्या हातातून झाडू घेतला. तेवढंच जमलं.

चोवीस आठवडे पूर्ण झाले. बेकरीवाला सकाळी दहाला येणार होता. सून म्हणाली, "आहेत तशी अंडी दाखवते. खरं सांगते, अजून थोडी मुदत मागते." हा तिचा बेत साधा, सरळ, शहाण्या माणसाचा.

माझा बेत वेगळा होता. मी नवाच्या सुमाराला रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलो, तीस मोठी अंडी आणली, एकेक साठ-साठ ग्रॅमची, हाताला लागताच ओळखली, आणि शेडमधल्या सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये भरून ठेवली. म्हटलं, बेकरीवाला वरचा ट्रे बघेल, हो म्हणेल, पुढचं पुढे! तेवढ्यात व्याही खाद्याचं पोतं घेऊन आले. पंधरा दिवसांनी. माझ्याशी बोलले नाहीत, पोतं शेडमध्ये ठेवून कोपऱ्यात उभे राहिले. लेकीचा दिवस होता, घरी बसवलं नसेल.

बेकरीवाला आला. कोपरापर्यंत पीठ. त्याने ट्रेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "वा, बाई! लोक उगाच म्हणत होते तुमच्याकडे बारीक अंडी पडतात म्हणून!"

सुनेने ट्रे पाहिला. आधी तिला समजलंच नाही. मग तिने तोंडावर हात घेतला आणि माझ्याकडे वळली. "मामा! वाढली! मामा, बघा ना, वाढली!"

तो चेहरा मी अजून विसरलो नाही. विसरायची सोयच नाही, समोरच राहते ती.

बेकरीवाल्याने एक अंडं उचललं, उजेडात धरलं, उलटं केलं. आणि थांबला. अंड्याच्या बुडाला लालभडक शिक्का होता. तारीखसुद्धा. दोन आठवड्यांपूर्वीची! मी सगळी अंडी बूड खाली करून ठेवली होती, पण अंडं उलटं करून बघायचं नाही असा काही कायदा नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमच्या कोंबड्या शिक्का मारून अंडी घालतात का?"

चारशे कोंबड्यासुद्धा माना वर करून ऐकत होत्या.

सुनेने इकडे-तिकडे पाहिलं. पोत्याशेजारी तिचे वडील उभे होते. खाद्य त्यांचं, आळ त्यांच्यावर, आणि शेडमध्ये आत्ता आत्ता पोतं घेऊन आलेलेही तेच. तिचा चेहरा फिरला.

"बाबा... तुम्ही?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. शिक्क्यापासून दिव्यापर्यंत सगळं कळलं असावं, माणूस कोंबड्यांच्या धंद्यातच म्हातारा झालाय. मी वाट पाहिली, आता बोट दाखवतील. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "असू दे, पोरी. तुझं काम व्हावं, एवढंच."

"माझं काम?" ती म्हणाली. "उद्यापासून खाद्य मी दुसरीकडून आणीन."

"बरं," ते म्हणाले. आणि पोत्याचं तोंड बांधायला लागले. गाठ बसेना.

तेव्हा मात्र माझ्या जिभेवरचं कुलूप तुटलं. "मी आणली!" मी ओरडलो. एवढ्याने की चार कोंबड्या उडाल्या. "अंडी मी आणली! दिवा मी लावला! तेराव्या आठवड्यापासून! पहाटे चारला! यांच्या खाद्यात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे!"

बायको दारात उभी होती. "म्हणजे तुमचं ते पहाटेचं..." एवढंच तिला सुचलं.

बेकरीवाल्याने अंडं जपून ट्रेमध्ये परत ठेवलं. "आजोबा," तो म्हणाला, "बारीक अंडी मी घेतली असती हो. तीसच्या जागी पन्नास फोडायची, एवढाच त्रास. दोन महिने बघितलं असतं. पण ज्या घरात शिक्का लपवायला अंडं बूड खाली करून ठेवतात, तिथून रोज माल कसा घेऊ? प्रत्येक अंडं उलटं करत बसू?"

सुनेने त्याला दारापर्यंत सोडलं. त्याने काही चुकीचं म्हटलंच नव्हतं.

तो गेल्यावर तिने वडिलांच्या हातातून पोत्याची दोरी घेतली, गाठ मारली, त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ऐकवेल. ऐकवायलाच हवं होतं. ती म्हणाली, "मामा, डॉक्टरीणबाईंना मी तुमची ग्वाही दिली होती."

बस. एवढंच. आणि शेडमध्ये गेली, कोंबड्यांना पाणी राहिलं होतं.

पुढच्या सोमवारी ती परत कारखान्यात गेली. डाव्या बाहीवर. व्याह्यांकडे मी स्वतः गेलो, पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "पाय सोडा, पोतं उचलायला हात लावा." उचललं. आता दर दोन दिवसांनी उचलतो.

कोंबड्यांना पिसं परत आली, अंडी परत आली. बारीकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच. सून म्हणते पुढच्या वर्षी नवीन तलंगा आणू, तोवर या सांभाळू. दिव्याला तिने घड्याळाचं यंत्र बसवलं आहे, त्याला हात लावायचा माझा विचारही नाही. शेडची झाडलोट, पाणी, अंडी गोळा करणं माझ्याकडे. आणि सकाळी तिच्या डब्यासाठी अंडी उकडून सोलणं. दोन अंड्यांची भूक भागायला अशी चार लागतात, आणि एवढंसं अंडं सोलायचं म्हणजे मण्यात दोरा ओवण्यासारखं. अर्धा तास जातो. मी तक्रार करत नाही.

परवा संध्याकाळी ती कारखान्यातून आली, डबा घासायला टाकला आणि बायकोला सांगायला लागली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका तिच्या डब्याभोवती जमल्या होत्या.

"आत्या, मला विचारतात, ही एवढीएवढी अंडी कुठल्या पक्ष्याची गं?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, पक्ष्याची नाहीत, माझ्या सासऱ्यांची आहेत."

बायकोला हसता हसता ठसका लागला. सूनही हसली, कितीतरी महिन्यांनी. मी कोपऱ्यात बसलो होतो. म्हटलं, हसू दे. तिला हसवायला माझ्याकडून एवढंच निघालं, आणि तेही बारीक!